पहिला आला, त्याचं काय?

मंडळी, आधीच सांगून टाकतो, हा लेख भांडणाचा आहे. संपादकांनी मला 'काहीतरी हलकंफुलकं लिहा' असं सांगितलं होतं, आणि बेसबॉलवर लिहितो म्हटल्यावर ते निश्चिंत झाले असावेत. पण ज्या घरात सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची टोपी खुंटीवर लटकते, त्या घरात लॉस एंजेलिस डॉजर्स हा विषय हलका नसतो आणि फुलका तर मुळीच नसतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: सहा महिने राबून, १६२ गेम्स खेळून जी टीम आपल्या विभागात पहिली येते, तिच्या पहिल्या नंबराची किंमत बेसबॉलवाल्यांनी टीव्हीच्या पैशापायी कवडीमोल करून टाकली आहे. आणि आपण पॉपकॉर्न खात ते बघतो आहोत.

ज्यांच्या घरी बेसबॉल म्हणजे फक्त मुलांच्या लिटिल लीगची ने-आण, त्यांच्यासाठी दोन शब्द. मेजर लीगमध्ये ३० टीम्स आहेत. त्यांच्या दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये तीन विभाग, आणि प्रत्येक विभागात पाच टीम्स. आपला विभाग नॅशनल लीग वेस्ट. त्यात सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, अ‍ॅरिझोना आणि कोलोराडो. मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत जवळजवळ रोज एक गेम. आज हरलात तर उद्या पुन्हा मैदानात. रुसायला वेळ नाही आणि नाचायलाही नाही. मग ऑक्टोबरात प्लेऑफ आणि शेवटी वर्ल्ड सिरीज.

आता जायंट्स आणि डॉजर्स. या दोन टीम्स नॅशनल लीगमध्ये १८९० पासून एकमेकींशी खेळत आहेत. तेव्हा दोघींचं बिऱ्हाड न्यूयॉर्कमध्ये होतं, जायंट्स मॅनहॅटनचे आणि डॉजर्स ब्रुकलिनचे. १९५७ चा सीझन संपल्यावर दोघांनीही गाशा गुंडाळला आणि १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात येऊन थाटलं. म्हणजे हेही आपल्यासारखेच, घरदार सोडून दूर आलेले! आपण येताना लोणच्याच्या बरण्या आणि पूजेचे टाक आणले, त्यांनी येताना वैर आणलं, आणि ते जपलंही आपल्या लोणच्यापेक्षा चांगलं.

या वैराला एक तारीख आहे, ३ ऑक्टोबर. दसऱ्याच्या आसपासचे हे दिवस, सीमोल्लंघनाचेच म्हणा ना! बघा.

३ ऑक्टोबर १९५१. जायंट्स ऑगस्टमध्ये एका वेळी डॉजर्सच्या साडेतेरा गेम्स मागे होते. तिथून बरोबरी साधली, तीन गेम्सचा जादा सामना झाला, आणि तिसऱ्या गेमच्या शेवटच्या इनिंगमध्ये बॉबी थॉमसनच्या होम रनने ५-४ असा निकाल लागला. (त्या वर्षी जायंट्स दुर्बिणीतून समोरच्या कॅचरच्या खुणा चोरत होते, हे २००१ साली उघड झालं. डॉजर्सवाले आठवण करून देतातच, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.)

३ ऑक्टोबर १९६२. पुन्हा बरोबरी, पुन्हा तीन गेम्सचा सामना. तिसऱ्या गेममध्ये डॉजर्स ४-२ पुढे. शेवटच्या इनिंगमध्ये जायंट्सनी चार रन्स काढल्या आणि ६-४ जिंकले.

३ ऑक्टोबर १९८२. आदल्याच दिवशी डॉजर्सनी जायंट्सना शर्यतीतून बाहेर काढलं होतं. जायंट्सना मिळवायचं काहीच नव्हतं, फक्त डॉजर्सना मिळू द्यायचं नव्हतं. जो मॉर्गनने होम रन मारला, डॉजर्स हरले, आणि एका गेमच्या फरकाने विभाग अटलांटाकडे गेला. (अटलांटा तेव्हा 'वेस्ट'मध्ये होतं. भूगोलाचा पेपर कोणी सोडवला होता कोण जाणे!)

३ ऑक्टोबर १९९३. परतफेड. जायंट्स आणि अटलांटा दोघांचे १०३ विजय. शेवटच्या दिवशी अटलांटा जिंकली. जायंट्स डॉजर्सकडून १२-१ असे सपाटून हरले. १०३ गेम्स जिंकलेली टीम घरी गेली.

३ ऑक्टोबर २०१० ला सॅन डिएगोला हरवून जायंट्सनी शेवटच्या दिवशी विभाग जिंकला. आणि ३ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा शेवटच्या दिवशी सॅन डिएगोलाच ११-४ हरवून डॉजर्सना एका गेमने मागे टाकलं. जायंट्स १०७, डॉजर्स १०६.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. १९९३ ची गोष्ट निघाली की लोक म्हणतात, 'बघा केवढा अन्याय! १०३ गेम्स जिंकून घरी?' मी जायंट्सचा माणूस आहे, आणि तरीही म्हणतो की त्यात अन्याय नव्हता. अटलांटाने १०४ जिंकल्या होत्या. १०४ हे १०३ पेक्षा जास्त असतात, हे आपल्याकडे बालवाडीत शिकवतात. त्या दिवशी जे दुःख झालं ते खरं दुःख होतं, कारण जे गेलं ते खरोखर गेलं होतं. मागच्या दाराने पुन्हा आत शिरायची सोय नव्हती. एप्रिलमधल्या एखाद्या थंडगार मंगळवारी हातचा घालवलेला एक गेम ऑक्टोबरात समोर येऊन उभा राहिला. चुरस म्हणतात ती याला.

मागचं दार त्यानंतर उघडलं. १९९४ मध्ये प्रत्येक लीगचे दोनाचे तीन विभाग केले आणि वाइल्ड कार्ड आणलं. म्हणजे जे पहिले आले नाहीत त्यांच्यातल्या सर्वात बऱ्या टीमलाही प्लेऑफमध्ये जागा. त्या वर्षी संप झाला, म्हणून ते प्रत्यक्षात १९९५ ला सुरू झालं. २०१२ मध्ये एकाची दोन वाइल्ड कार्ड झाली, आणि २०२२ मध्ये दोनाची तीन. मालकांना तर एकूण १४ टीम्स हव्या होत्या. खेळाडूंच्या युनियनशी घासाघीस होऊन १२ वर थांबलं. उद्या पुन्हा मागतील. दिवाळीच्या कार्यक्रमात 'दोनच लाडू घ्या' अशी पाटी लावून कधी कोणी थांबलंय?

याचं फळ काय? २०२१ चंच बघा. १०७ विजयांसह जायंट्स पहिले. १०६ वाले डॉजर्स वाइल्ड कार्डचा एक गेम जिंकून आत आले, आणि पुढच्या पाच गेम्सच्या फेरीत जायंट्ससमोरच उभे राहिले. दोन-दोन अशी बरोबरी झाली. शेवटच्या गेमच्या आधी दोन्ही टीम्सचे सगळे मिळून १०९ विजय. तो गेम डॉजर्सनी २-१ जिंकला. त्या वर्षी या दोन टीम्स एकमेकींशी २४ वेळा खेळल्या आणि १२-१२ अशी बरोबरी झाली. १६२ गेम्समधून निघालेला निकाल पाच गेम्सनी पुसून टाकला. मग ३ ऑक्टोबरला आम्ही ओरडून घसा बसवून घेतला, तो कशासाठी? फक्त पाच गेम्सपैकी तीन आपल्या घरी खेळता यावेत म्हणून?

तुम्ही म्हणाल, हा हरलेल्या माणसाचा जळफळाट आहे. ठीक, मग डॉजर्सचीच बाजू घेतो. (ही ओळ आमच्या मुलाने वाचू नये!) २०२२ मध्ये डॉजर्स १११ गेम्स जिंकले. सॅन डिएगो त्यांच्या तब्बल २२ गेम्स मागे, दुसऱ्या नंबरावर. त्या दोघांत झालेल्या १९ गेम्सपैकी डॉजर्सनी १४ जिंकल्या होत्या. आणि प्लेऑफमध्ये चार दिवस खेळून सॅन डिएगोने त्यांना ३-१ असं घरी पाठवलं. त्या वर्षी माझे सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. नियम त्यांना मीच समजावून सांगितले होते. निकाल कळल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "जावईबापू, पहिल्यात आणि दुसऱ्यात बावीस मार्कांचा फरक. मग तोंडी परीक्षेत दुसऱ्याला पहिला केला? असं आमच्या शाळेत झालं असतं तर पालक मोर्चा घेऊन आले असते."

पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, डॉजर्स १०० जिंकून पहिले, अ‍ॅरिझोना ८४ जिंकून दुसरे. फेरीत अ‍ॅरिझोना ३-० जिंकली आणि थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत गेली. डॉजर्स हरले म्हणून त्या रात्री आमच्या घरी श्रीखंड झालं, हे नाकारत नाही. पण श्रीखंड गोड लागलं म्हणून नियम बरोबर ठरत नाही.

आणि २०२५ ची क्लीव्हलंडची गोष्ट तर या सगळ्यावर कडी आहे. जुलैच्या सुरुवातीला ते डेट्रॉइटच्या साडेपंधरा गेम्स मागे होते. एवढा खड्डा भरून विभाग जिंकणारी टीम बेसबॉलच्या इतिहासात आधी झाली नव्हती. क्लीव्हलंडने तो भरला, ८८ विजय, डेट्रॉइट ८७. १९५१ च्या जायंट्सची गोष्ट लोक सत्तर वर्षं सांगत आले, मग हिची शंभर वर्षं सांगायला हवी. पण झालं काय? दोनच दिवसांनी तेच डेट्रॉइट वाइल्ड कार्डच्या फेरीत क्लीव्हलंडच्याच मैदानात उतरलं आणि तीनपैकी दोन गेम्स जिंकून पुढे गेलं. तीन महिन्यांचा पराक्रम तीन दिवसांत रद्दीत.

एवढ्यावर भागलं नाही. आधी बरोबरी झाली की १६३ वा गेम व्हायचा. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या आपल्या मंडळींना विचारा. २ ऑक्टोबर १९७८ ला ९९-९९ अशा बरोबरीनंतर बकी डेंटने मारलेला होम रन बॉस्टनवाले अजून शिव्या घातल्याशिवाय सांगत नाहीत. तो १६३ वा गेम २०२२ पासून बंद. आता बरोबरी झाली की कारकून आपसातल्या गेम्सचा हिशोब काढतो. २०२२ मध्ये अटलांटा आणि न्यूयॉर्क मेट्स, दोघांचे १०१ विजय; विभाग अटलांटाचा, कारण आपसात १०-९. २०२५ मध्ये टोरांटो आणि यांकीज, दोघांचे ९४. विभाग टोरांटोचा, कारण आपसात ८-५. ना मैदान, ना चेंडू, ना रात्रभर जागरण. लग्नात अंतरपाट धरण्याऐवजी रजिस्ट्रारने फॉर्मवर शिक्का मारावा तसं!

आणि आपसातल्या गेम्सही कमी केल्या. २०२२ पर्यंत जायंट्स आणि डॉजर्स वर्षाला १९ वेळा भिडायचे. २०२३ पासून फक्त १३ वेळा. म्हणजे वैर हेही आता घरखर्चासारखं कापलं जातंय.

आता दुसरी बाजू ऐकू. आमच्या मंडळातले एक मित्र माझ्याशी दर वर्षी गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत यावरून वाद घालतात. त्यांचे मुद्दे प्रामाणिकपणे मांडतो.

पहिला मुद्दा: '२०१४ मध्ये जायंट्स डॉजर्सच्या सहा गेम्स मागे राहून वाइल्ड कार्डने आत आले आणि वर्ल्ड सिरीज जिंकले. तेव्हा का नाही बोललात?' खरं आहे, जिंकले. नियम होता, नियमाने खेळले, ट्रॉफी परत करणार नाही. पण एखाद्या रस्त्याने आपण एकदा लवकर घरी पोचलो म्हणून तो रस्ता चांगला होत नाही.

दुसरा मुद्दा: 'जास्त टीम्स असल्या की जास्त गावांत सप्टेंबरपर्यंत आशा राहते.' हा मुद्दा खरा आहे. लहान मुलाचा हिरमोड जुलैतच व्हावा असं कोणाला वाटेल? पण आशा ठेवा, पहिल्या नंबराचा मान का काढता? उत्तेजनार्थ बक्षीस द्यायला ना नाही. पण उत्तेजनार्थवाल्याने पहिल्या बक्षिसाचा कप घरी नेला तर त्याला स्पर्धा म्हणत नाहीत, त्याला सोडत म्हणतात.

तिसरा मुद्दा: 'डॉजर्ससारख्या श्रीमंत टीमला लांब शर्यतीत कोण हरवणार? छोट्या फेरीतच गरिबाला संधी.' २०१३ ते २०२५ या तेरा सीझन्समध्ये बारा वेळा विभाग डॉजर्सचा आहे, हे कबूल. पण तेरावा, २०२१ चा, जायंट्सनी लांब शर्यतीतच जिंकला, आणि त्या वर्षी बेसबॉलमध्ये सर्वात जास्त पगार वाटणारी टीम डॉजर्सच होती. छोट्या फेऱ्यांनी श्रीमंतांना आळा बसतो म्हणावं, तर २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षं वर्ल्ड सिरीज कोणी जिंकली? डॉजर्सनीच.

चौथा मुद्दा सर्वात वजनदार: 'विभागच कमकुवत असला तर? २००५ मध्ये सॅन डिएगोने ८२ जिंकून आणि ८० हरून आपलाच विभाग जिंकला होता. अशा पहिल्या नंबराचा कसला मान?' बरोबर. म्हणून मी सगळ्या विभागविजेत्यांना सरसकट मखरात बसवा असं म्हणत नाही. माझी मागणी छोटी आहे. विभागातली पहिली टीम आणि त्याच विभागात तिच्या मागे राहिलेली टीम ऑक्टोबरात समोरासमोर आल्या, तर पहिलीच्या खात्यात एक विजय आधीच जमा असावा. फेरी १-० ने सुरू व्हावी. विभाग कमकुवत असो वा बलाढ्य, त्या दोघींतली पुढची कोण हे सहा महिन्यांत ठरलेलं असतं. आणि बरोबरी झाली तर १६३ वा गेम परत आणा. बस, एवढंच.

हे चालतं का? जपानमध्ये चालतं. तिथे २००८ पासून लीगमध्ये पहिल्या आलेल्या टीमला प्लेऑफच्या शेवटच्या फेरीत एक विजय आधीच मिळतो, आणि ती फेरी तिच्याच मैदानावर होते. आपल्या आयपीएललाही हे कळलं. २०११ पासून तिथे गुणतक्त्यातल्या पहिल्या दोन टीम्स एक सामना हरल्या तरी त्यांना फायनलला जायची दुसरी संधी मिळते. म्हणजे तीन तासांच्या तमाशाला जन्म दिलेल्या क्रिकेटलाही लांब शर्यतीची लाज आहे. बेसबॉलला ती का नसावी?

कोणी म्हणेल, हा नियम तुम्ही जायंट्ससाठी बेतलाय. तपासून बघा. २०२१ मध्ये जायंट्स पुढे गेले असते, हे खरं. २०२५ मध्ये क्लीव्हलंडही गेलं असतं. पण २०२२ मध्ये सॅन डिएगो आणि २०२३ मध्ये अ‍ॅरिझोना हा नियम असतानाही जिंकलेच असते, कारण त्यांनी डॉजर्सना स्पष्ट हरवलं होतं. म्हणजे धक्कादायक निकाल बंद होत नाहीत. फक्त थोडक्यात लागलेल्या निकालात सहा महिन्यांच्या कष्टाचं वजन पडतं. याहून जास्त मी मागत नाही.

एक गोष्ट मात्र डॉजर्सवाल्यांशी भांडतानाही सोडायची नाही. २२ ऑगस्ट १९६५ ला जायंट्सच्या हुआन मारिशालने डॉजर्सच्या जॉन रोझबरोच्या डोक्यात बॅट घातली. २०११ च्या सीझनच्या पहिल्याच दिवशी डॉजर स्टेडियमच्या पार्किंग लॉटमध्ये जायंट्सच्या एका चाहत्याला मेंदूला कायमची इजा होईपर्यंत मारलं. हे वैर नव्हे, ही रानटी गुंडगिरी. रोझबरोने पुढे मारिशालला माफ केलं, दोघे मित्र झाले. ज्याला शत्रूशी वर्षानुवर्षं नीट भांडायचं असतं तो शत्रूला जपतो.

तुम्ही विचाराल, एवढं डोकं कशाला तापवायचं? आपला काय संबंध? संबंध आहे. आपली मुलं या खेळासोबत वाढतात. घरी आपण त्यांना सांगतो की रोजचा अभ्यास, रोजचा रियाज महत्त्वाचा, एका दिवसाच्या चमत्कारावर विसंबू नका. आपल्यातल्या पुष्कळांची आयुष्यं बोर्डाच्या एका परीक्षेने इकडची तिकडे झाली, आणि तो धसका मुलांना नको म्हणून तर आपण इथल्या शाळांचं कौतुक करतो, की इथे वर्षभराच्या कामाला मार्क असतात. आणि मग ऑक्टोबरात त्याच मुलांच्या शेजारी बसून आपण म्हणतो, 'अरे, ते १६२ गेम्स सोड, खरं काय ते आता!' मुलं ऐकत असतात, मंडळी.

खेळाडू आणि मालक यांच्यातला २०२२ चा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे. नवा करार लिहिताना प्लेऑफचं पान पुन्हा उघडणार, आणि मालक वाइल्ड कार्ड वाढवून मागणार. त्यांना फक्त टीव्हीचे आकडे आणि तिकिटं कळतात. तेव्हा त्याच भाषेत बोलू या. मंडळाची बेसबॉलची सहल दर वर्षी जूनमध्ये, स्वस्त तिकिटाच्या दिवशी, दिसेल त्या टीमविरुद्ध काढायची प्रथा बंद करा. जायंट्स-डॉजर्सच्या १३ गेम्सपैकी सीझनमधली सर्वात शेवटची जी घरच्या मैदानावर असेल, ती धरा. तिकीट महाग पडेल, रात्री खाडीवरचा वारा झोंबेल, आजी-आजोबांना शाली लागतील. पण मुलांना गुणतक्ता वाचायला शिकवून न्या, कोण किती गेम्स मागे आहे ते त्यांनाच विचारा, आणि त्या रात्रीचा निकाल खरोखर काहीतरी ठरवणारा आहे अशा आवाजात ओरडा. डॉजर्सच्या निळ्या टोपीतले मराठी मित्रही चालतील. त्यांनाही बटाटेवडा देऊ. थोडा गार झालेला.